पाल असेल

ट्रकच्या डाव्या दिव्यामागे, चेसीच्या लोखंडात एक बोल्ट होता. बोल्टाच्या डोक्याखाली वायसर, वायसरखाली वायरचं तांब्याचं टोक, आणि त्या टोकाखाली हिरव्या ऑइलपेंटचा एक थर. थर पोस्टकार्डाएवढासुद्धा जाड नव्हता. पण तो एकसारखा होता, खडखडीत वाळलेला होता, आणि विजेच्या दृष्टीनं पाहिलं तर तो सातपुडा होता. ही गोष्ट साऱ्या जळगावात एकाच माणसाला ठाऊक होती, आणि तो माणूस ती कुणाला सांगत नव्हता.

त्या माणसाचं नाव पितांबर चौधरी. एका हायस्कुलात तो शास्त्र शिकवी. वर्गात त्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचे; घरी थोरल्या भावासमोर उभा राहिला की तोच आवाज तेल संपत आलेल्या कंदिलासारखा बसत जाई. यात लोटनभाऊंचा काही दोष नव्हता. भाऊ ओरडत नसत, रागावत नसत. त्यांनी केळीच्या व्यापारात उन्हातान्हात फिरून धाकट्याला बी.एस्सी. केलं होतं, आणि त्याबद्दल त्याला कधी एका शब्दानं ऐकवलं नव्हतं. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं, असं पितांबरला पुष्कळदा वाटे. जो माणूस उपकार बोलून दाखवत नाही, त्याला नाही म्हणायला फार मोठी छाती लागते.

आणि पितांबरला भाऊंना एक गोष्ट सांगायची होती. धुळ्याला नव्या कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत त्याला जागा मिळत होती. संक्रांतीच्या सुमारास तिथल्या प्रिन्सिपॉलांनी त्याला बोलावून विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता, "घरी विचारून सांगतो." संक्रांत गेली, होळी गेली, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली, घरी विचारायचं तेवढं राहिलं. प्रिन्सिपॉल सज्जन होते. त्यांनी नुकताच निरोप पाठवला होता की महिनाअखेरपर्यंत वाट पाहतो, मग दुसरा माणूस घेतो.

घरात हे फक्त त्याच्या बायकोला माहीत होतं. बेबाबाईचं माहेर धुळ्याचं. तिला स्वतःची चूल हवी होती आणि नवऱ्याला प्रयोगशाळा. ती स्वतः भाऊंना सांगू शकत नव्हती, कारण जेठाशी थेट बोलायची रीत नव्हती. भाऊ ओसरीवर आले की ती पदर ओढून आत जाई. त्यांना काही विचारायचं असलं तर ते पितांबरला विचारत आणि तिला काही सांगायचं असलं तर ती पितांबरला सांगे. म्हणजे इकडचा निरोप तिकडे पोचवायचं यंत्र घरात पितांबरच होता, आणि नेमकं त्याच यंत्राचं टोक वेळेवर टेकत नसे.

आता ट्रककडे वळायला हरकत नाही.

हा ट्रक लढाईनंतर लष्कराच्या लिलावातून आला होता. त्याला गल्लीत पल्टण म्हणत. चोपड्याकडून केळी भरून जळगावच्या स्टेशनात आणायची, हे त्याचं काम. गाडी मजबूत होती, पण तिचे दिवे निरांजनासारखे होते. सुपडू ड्रायव्हर सांगे की पल्टणचे दिवे पेटलेत की नाही ते बघायला खाली उतरून काडी ओढावी लागते. धुळ्याला गाड्या पास करायचा कॅम्प लागणार होता. यंदा इन्स्पेक्टर दिव्यांबाबत कडक आहेत अशी बातमी होती, आणि पल्टण नापास झाली तर केळीचा सगळा हंगाम ती अंगणात उभी राहणार होती.

"मास्तर, तुझं शास्त्र काय म्हणतं?" भाऊंनी विचारलं. धाकटा भाऊ पदवीधर झाला त्या दिवसापासून ते त्याला मास्तरच म्हणत.

पितांबरनं गाडी उघडून पाहिली. उंदरांनी वायरींची वेष्टणं खाल्लेली होती. पण खरं दुखणं वेगळंच होतं: दिव्यांचा सगळा प्रवाह बॅटरीपासून ड्रायव्हरच्या स्विचपर्यंत जाऊन, मग सुतासारख्या वायरीतून परत पुढे दिव्यांकडे येत होता. वाटेतच निम्मा जिरत होता.

"नव्यानं वायरी ओढायच्या," तो म्हणाला, "आणि रिले बसवायचे."

"रिले म्हणजे?"

"भाऊ, तुम्ही चोपड्याला जाऊन केळीचे घड स्वतः उचलता का? तुम्ही इथून नुसता निरोप धाडता. उचलणारे तिथं उचलतात. तसंच हे. स्विचनं निरोप द्यायचा. दिव्याजवळ रिले बसलेला असतो, तो निरोप मिळाला की टक् करून मोठा रस्ता उघडतो. बॅटरीतून जाड वायरीनं प्रवाह थेट दिव्याला."

"म्हणजे रिले हमाल."

"मुकादम म्हणा."

भाऊंना हा मुकादम फार आवडला. थोडा विचार करून त्यांनी एकच शंका काढली. "अन् निरोप पोचलाच नही तर?"

"पोचतो," पितांबर म्हणाला, आणि त्याला उगाचच धुळ्याची आठवण झाली.

रिले खाजाभाईच्या भंगारात सापडले. लष्कराच्याच कुठल्याशा गाडीतले होते, चांगले दणकट. उन्हाळ्याची सुटी होती. पितांबरनं शर्ट काढून ठेवला आणि अंगणात गाडीखाली शिरला. तो बनियनवर काम करतोय ही बातमी गल्लीत लगेच गेली आणि सल्लागार मंडळ जमलं. त्याचे अध्यक्ष झुलाल आबा. आबा रेल्वेत गार्ड होते. सारी नोकरी त्यांनी गाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात, म्हणजे इंजिनापासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब बसून केली होती. त्यामुळे इंजिन या विषयावर त्यांचं मत पक्कं होतं.

"लाल वायर वरतून घे," आबा म्हणत.

"आबा, विजेला रंग कळत नाही."

"तुले कयस ना? मग बस."

आबांच्या समाधानासाठी पितांबरनं लाल वायर वरून घेतली. दिवसभर घाम गाळून, एकेक जोड झाळून, प्रत्येक ठिकाणी लोखंड कानशीनं चकचकीत घासून त्यानं अर्थ जोडले. अर्थ म्हणजे प्रवाहाला परतायची वाट. ती चोख लोखंडातून गेली पाहिजे, हे तो मुलांना दरवर्षी फळ्यावर लिहून देई.

दिवेलागणीला भाऊंनी स्वतः स्विच दाबला. टक् असा एकच बारीक आवाज झाला आणि आबांच्या घराची भिंत अशी उजळली की तिच्यातल्या भेगा मोजता आल्या असत्या. आबा डोळ्यांवर हात धरून म्हणाले, "बंद कर रे! भिंत रंगवाले सांगशीन आते." भाऊंनी खांद्यावरच्या उपरण्यानं धाकट्याच्या कपाळावरचं काळं पुसलं. पितांबरनं त्याच क्षणी धुळ्याचं सांगायचं ठरवलं. तोंड उघडलंही. पण भाऊ म्हणाले, "मास्तर, तू शे म्हणून हे घर शे," आणि ते तोंड तसंच मिटलं.

इथवर सगळं शास्त्राला धरून झालं. घोटाळा केला तो एका शब्दानं.

एवढे झकास दिवे असलेल्या गाडीला पोपडे उडालेलं अंग शोभत नाही, असं भाऊंना वाटलं. त्यांनी कादर पेंटरला बोलावलं आणि सांगितलं, "बठ्ठं रंगव." बठ्ठं म्हणजे सगळं, आणि कादर हा शब्दाला जागणारा माणूस होता. गावात दुसरा कुणी पेंटर असता तर त्यानं दिसेल तेवढं रंगवलं असतं. कादरनं बठ्ठं म्हणजे बठ्ठं रंगवलं. पाट्या रंगवल्या, चाकं रंगवली, इंजिन फिरवायचा दांडा रंगवला, आणि बॉनेटमधले सगळे बोल्ट एकेक करून खोलून, त्यांच्याखालचं लोखंड आतून रंगवून, वाळवून, बोल्ट पुन्हा घट्ट आवळून ठेवले.

"चकचक घासून ठेवलेलं होतं, मास्तर," तो अभिमानानं म्हणाला. "पावसाळ्यात गंज धरला असता. दोन हात मारलेत."

हे त्यानं सांगितलं ते आखाजीच्या सकाळी, गाडीची पूजा चालू असताना. पितांबर बॉनेटकडे वळला. पण तोवर गाडीला हार घातला होता. सुमनवहिनींनी, म्हणजे भाऊंच्या पत्नीनं, चाकाखाली लिंबू ठेवलं होतं. कडुलिंबाच्या झाडाला झोके बांधले होते, माहेरी आलेल्या पोरी झोके घेता घेता गाडीकडं बघत होत्या, आणि सारी गल्ली जमली होती.

"सुपडू, दिवे दाखव सर्वांना," भाऊ म्हणाले.

सुपडूनं नमस्कार करून स्विच दाबला.

चुक् चुक् चुक्.

दिवे मिचमिचले आणि गेले. पुन्हा चुक् चुक् चुक्. पुन्हा मिचमिच.

कारण सरळ होतं. दिवा आणि रिले दोघांच्या परतीची वाट त्या एकाच बोल्टातून होती, आणि रंगामुळं तिथं आता जेमतेम फट उरली होती. रिले उघडे, दिवा पेटे; दिव्याचा प्रवाह त्या फटीत गर्दी करी, तेवढ्यात रिलेचा जीव जाई; तो मिटला की गर्दी हटे, आणि तो पुन्हा उघडे. पितांबरला हे सगळं आकृतीसकट डोळ्यांपुढं दिसलं.

बाकी सगळ्यांना वेगळंच ऐकू आलं. झोके थांबले. झुलाल आबांनी बोटाच्या पेरानं काठीवर तीनदा टकटक केलं आणि म्हणाले, "कृष्ण कृष्ण." बायकांनी जमिनीवर बोटं आपटली. कृष्ण कृष्ण. सुपडू चटका बसावा तसा खाली उतरला. आणि आपली बोटं हिरव्या मडगार्डवर तीनदा आपटली आहेत, हे पितांबर चौधरी, बी.एस्सी., याच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. ती लहानपणीची सवय होती. बोटांना पदवी नव्हती.

"मास्तर," भाऊ हळू आवाजात म्हणाले, "हाई काय शे रे?"

सांगायचं एवढंच होतं की भाऊ, रंग खरवडावा लागेल. रुपयाएवढी जागा. पण भाऊंच्या धोतरावर त्या हिरव्या रंगाचा एक शिंतोडा होता आणि तो त्यांनी मुद्दाम धुतला नव्हता; येणाऱ्या-जाणाऱ्याला ते तो दाखवत होते. सणाचा दिवस, सारी गल्ली बघतेय, आणि आपण म्हणायचं की तुमच्या रंगानं घात केला? पितांबरनं घसा साफ केला.

"पाल असेल," तो म्हणाला.

सातवीच्या पोरांना चुंबक शिकवणारा माणूस हे बोलला. आतल्या दाराशी उभी असलेली बेबाबाई पदराआडून त्याच्याकडे बघत होती. तिनं रिले बसवताना पाहिले होते.

त्या दिवसापासून घरात पालीचं राज्य सुरू झालं.

मास्तर स्वतः म्हणाला म्हटल्यावर शंकेला जागाच नव्हती. आबांनी मोरपिसं सुचवली, कारण मोर पालीला खातो हे पालीला माहीत असतं. गाडीच्या टपाला मोरपिसं लागली. पल्टण आता लग्नाला निघालेल्या नवरदेवासारखी दिसू लागली. खाजाभाईनं अंड्याची टरफलं आणून दिली. वहिनी म्हणाल्या की टरफलं घरात चालणार नाहीत, मग ती गाडीच्या बंपरला टांगली. सुमनवहिनींनी कडुलिंबाच्या पाल्याची आणि मिरच्यांची धुरी दिली. धुरीनं पाल निघाली नाही. आबा निघाले, खोकत, आणि त्यांनी दोन दिवस येणं बंद केलं. पितांबरनं त्या दोन दिवसांत दाढी केली आणि धुळ्याला निरोप पाठवला: कॅम्पच्या दिवशी मी समक्ष येऊन सांगतो.

मग सीटच्या फळ्या उचकटल्या, आणि खरोखरच पाल सापडली. तिचा काही संबंध नव्हता, पण कुठल्याही जुन्या फळीखाली खानदेशात उन्हाळ्यात पाल सापडतेच. सुपडूनं ती सुपात धरून गल्लीबाहेर सोडली. भाऊंचा चेहरा उजळला. "देखा? मास्तर बोलेल खोटं नही होत." पितांबरच्या मनात आलं की आता ही संधी. रात्रीतून कुणी बोल्ट घासला असता तर पाल गेली आणि दिवे लागले, असं सरळ जमून गेलं असतं, कुणाची अब्रू गेली नसती. पण भाऊंना धीर कुठला? त्यांनी तिथल्या तिथं स्विच दाबला.

चुक् चुक् चुक्.

"पाल कधी एकली राहस का भो?" आबा म्हणाले. ते पालीच्या शोधासाठी परत आले होते. "जोडा असस. नर गया, मादी शे."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गल्ली झोपलेली बघून पितांबर कानस घेऊन बॉनेटमध्ये वाकला. चार हात मारले असतील, तेवढ्यात मागून आवाज आला, "मास्तर, सापडली का?" भाऊ होते. पितांबरनं कानस बनियनमध्ये लपवली. ती पोटाला टोचत राहिली. "शोधतोय," तो म्हणाला. भाऊंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "किती करतोस रे घरासाठी," ते म्हणाले. कानस आणखी टोचली.

तो गेला तेव्हा लोखंडाचा बारीकसा चकचकीत ओरखडा तिथं राहिला होता. संध्याकाळी कादर पैगंबरवासी बापाची शपथ घेऊन सांगत होता की गाडीला कुणाची तरी नजर आहे. "बॉनेटच्या आत ओरखडा काढला होता, भाऊ! मी झाकला. वरून आणखी दोन हात मारले."

त्या संध्याकाळी बेबाबाई भाकऱ्या थापत होती. पितांबर चुलीपाशी पाटावर बसला.

"पाल नाहीये," तो शेवटी म्हणाला.

"ठाऊक आहे."

"सांगावं म्हणतो भाऊंना."

"काय काय सांगणार?" तिनं भाकरी उलटली. "बोल्टाचं, की धुळ्याचं?"

त्यानं चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

"त्या पालीचं बरं आहे," बेबाबाई म्हणाली. "तिला वेळेवर बोलता तरी येतं."

कॅम्पच्या दिवशी पहाटे पल्टण धुळ्याला निघाली. सुपडूची अट होती: "मी स्विचले हात लावाव नही." उजाडलेलं होतं, दिव्यांची गरज नव्हती. पुढं सुपडू, भाऊ आणि आबा. आबा सल्ला द्यायला. मागे उघड्या हौदात पितांबर आणि बेबाबाई, कारण जेठाशेजारी ती बसू शकत नव्हती. आखाजीला तिचं माहेरी जायचं राहून गेलं होतं, ते आता चार दिवस जाणार होती. तिचं बोचकं चढवताना पितांबरच्या कमरेत चमक आली.

"काय भरलंयस यात?"

"लुगडी," ती म्हणाली.

एरंडोल गेलं, पारोळा आलं. टपावरची मोरपिसं वाऱ्यानं पितांबरच्या तोंडावर झपझप लागत होती, बंपरची टरफलं खुळखुळत होती, आणि पारोळ्याला चहाच्या टपरीवर लोकांनी विचारलं की सर्कस कुठं उतरणार आहे. पितांबर मान खाली घालून बशीतून चहा प्याला. त्या वर्षीचा मॅट्रिकचा त्याचा एक विद्यार्थी तिथं उभा होता. त्यानं अदबीनं नमस्कार केला आणि विचारलं, "सर, हा कसला प्रयोग?"

कॅम्पात गाड्यांची रांग होती. इन्स्पेक्टर सडपातळ, इस्त्रीचे, पुठ्ठ्याच्या पाटीवर कागद लावून फिरणारे गृहस्थ होते. त्यांनी ब्रेक पाहिले, हॉर्न ऐकला. कादरनं नंबराची पाटीही बठ्ठ्यात धरली होती; ती ओल्या फडक्यानं आणि रॉकेलनं पुसून नंबर दिसेपर्यंत ते शांतपणे थांबले. मग म्हणाले, "इंजिन चालू करा. दिवे लावा."

सुपडूनं हात जोडले. "साहेब, दिवे सोडी द्या. गाडीमा पाल शे."

"काय आहे?"

"पाल."

इन्स्पेक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, मोरपिसांकडे पाहिलं, टरफलांकडे पाहिलं. "मालवाहू गाडीत जनावर ठेवायची परवानगी आहे?"

"साहेब, ती स्वतःहून आलेली आहे," झुलाल आबा म्हणाले.

"दिवे लावा."

कुणी हात लावीना. शेवटी भाऊंनी देवाचं नाव घेऊन स्विच दाबला. चुक् चुक् चुक्. दिवे मिचमिचले. रांगेतल्या पाच-सहा ड्रायव्हरांनी आपापल्या गाड्यांवर बोटं आपटली. खुद्द इन्स्पेक्टरांची पेन्सिल पुठ्ठ्यावर तीनदा टकटकली, मग ते सावरून म्हणाले, "दिवे टिकत नाहीत. नापास. जे काही आत आहे ते काढा आणि पुढच्या कॅम्पला या."

"पुढचा कधी?"

"पावसाळ्यानंतर बघू."

केळीचा हंगाम पावसाळ्यानंतर कुणासाठी थांबत नाही. भाऊंचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. ते गाडीतून उतरले, उपरणं सारखं केलं आणि जमेल तितक्या शुद्ध मराठीत बोलू लागले.

"साहेब, दिव्यांत दोष नाही. माझा धाकटा भाऊ बी.एस्सी. आहे. त्यानं हातानं वायरी टाकल्या. त्यानं स्वतः तपासलं, तेव्हा म्हणाला पाल. माझा भाऊ खोटं बोलत नाही, साहेब. तो पाल म्हणाला म्हणजे पालच. तुम्ही त्यालाच विचारा."

सगळे पितांबरकडे वळले. इन्स्पेक्टर, आबा, सुपडू, ओळीतले अनोळखी ड्रायव्हर. पितांबरला वाटलं की ट्रक जरा पुढं यावा आणि आपल्यावरून जावा. वर्गात पोरगं गृहपाठ न करता उभं राहतं, तेव्हा त्याचे कान लाल होतात ते कुठून, हे त्याला आज कळलं. त्यानं भाऊंकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर शंकेचा लवलेश नव्हता, आणि तेच सोसेना.

"काहीतरी दे," तो मागे वळून बायकोला म्हणाला. "खरवडायला."

बेबाबाईनं बोचकं सोडलं, आत हात घातला आणि त्याच्या हातात लोखंडी उलथनं दिलं.

त्यानं बॉनेट उघडलं. बोल्ट सैल केला आणि सगळ्यांच्या देखत भाऊंचा हिरवा रंग खरवडायला सुरुवात केली. आबा ओरडले, "आरे, रंग! रंग!" तो थांबला नाही. कादरचे सारे हात एकाखाली एक निघत गेले, हिरव्या पापड्या त्याच्या शर्टावर पडल्या, आणि खाली रुपयाएवढं लोखंड उघडं पडलं. त्यानं तांब्याचं टोक त्यावर टेकवलं आणि बोल्ट आवळला. दुसऱ्या दिव्यामागेही तेच केलं.

"भाऊ, लावा."

टक्.

एकच. भर उन्हात दिवे असे लागले की समोर उभ्या इन्स्पेक्टरांनी तोंड फिरवलं. लागले ते लागलेच. इंजिन धडधडत होतं आणि दिवे पापणी हलवत नव्हते.

"पाल?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"पाल नव्हती," पितांबर म्हणाला. "रंगामुळं अर्थ लागत नव्हता."

"कशाला अर्थ लागत नव्हता?" आबांनी विचारलं.

"कशालाच नव्हता, आबा."

इन्स्पेक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं, शिक्का मारला आणि पुढच्या गाडीकडे गेले. जाताना एवढंच म्हणाले, "पिसं काढा."

भाऊ अजून स्विचजवळ उभे होते. "तुले कवयपासून माहीत व्हतं?" त्यांनी विचारलं. आज ते मास्तर म्हणाले नाहीत.

"आखाजीपासून."

"मग बोलना का नही?"

याचं उत्तर बी.एस्सी.च्या कुठल्या पुस्तकात नव्हतं. पितांबर उलथन्याला चिकटलेला रंग नखानं काढत राहिला. भाऊंची नजर त्या उलथन्यावर आली. तिथून ती हौदातल्या सुटलेल्या बोचक्यावर गेली. बोचक्यातून तवा दिसत होता. तव्याखाली पोळपाट होता, पोळपाटाला टेकून एक लहानसा पितळी स्टोव्ह होता, आणि सगळ्याच्या तळाशी लुगडी असावीत.

"पितांबर," भाऊ म्हणाले, "तिले इचार, चार दिवस माहेरी जावाले तवा कशाले लागस?"

पितांबरनं बायकोकडे पाहिलं. ती पदर ओढून पलीकडे बघत होती. निरोप आला होता. त्याचं उत्तर देणं आता पितांबरचंच काम होतं.

तो बोलला. ओठ हलले हे सगळ्यांना दिसलं. पण पल्टणच्या इंजिनात एक अक्षर ऐकू आलं नाही. भाऊंनी कानामागे हात धरला. "काय?" पितांबर पुन्हा बोलला. इंजिन जोरात होतं आणि तो हळू होता. झालं, असं त्याला वाटलं. सांगून झालं. ऐकू आलं नाही यात आपला काय दोष?

"सुपडू!" भाऊ ओरडले. "इंजिन बंद कर!"

इंजिन बंद झालं. ड्रायव्हर खिडक्यांतून वाकले. इन्स्पेक्टरांनी पेन्सिल थांबवली. झुलाल आबांनी, कदाचित लागेल म्हणून, बोट काठीवर धरून ठेवलं.

पितांबरनं उलथनं दोन्ही हातांनी धरलं. वर्गात शेवटच्या बाकासाठी लावतो तो आवाज त्यानं लावला, पण भाषा घरचीच आली.

"भाऊ, माले इथल्या कॉलेजात जागा मियेल शे. आम्ही दोन्ही आते धुळ्यालेच राहसूत."